नापास काटा

४ सप्टेंबर

पोरी, उशीर झाला, माफी असावी. ही वही तू जानेवारीत घर सोडताना दिलीस. "बाबा, तोंडाने बोलता येत नाही ते लिहा. रोज चार ओळी," म्हणालीस. आता सप्टेंबर लागला आणि पहिली ओळ आत्ता पडतेय. कोरं पान बघितलं की मला धसकाच बसतो. सातवीनंतर मी लिहिलं ते फक्त 'पास' किंवा 'नापास' आणि खाली सही. त्याच्यापुढे काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही.

वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून आधी सगळं लिहून ठेवतो. मी वजनकाट्यांच्या कारखान्यात परीक्षक आहे. दुकानात ताटलीचा काटा असतो, काचेमागे सुई फिरते, तो आम्ही करतो. नवं मॉडेल बाजारात जाण्याआधी माझ्या खोलीत येतं. तिथे काचेच्या कपाटात थोरल्या मालकांची पितळी वजनं आहेत, त्यांनी स्वतः उभं राहून ओतून घेतलेली. त्यांचा नियम असा, की रोजच्या कामाला सरकारी शिक्क्याची वजनं वापरा, पण नवं मॉडेल माझ्या वजनांच्या कसोटीला उतरलं तरच त्याला कारखान्याचं नाव लावा. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा गेला, आता नातू खुर्चीवर बसतो. त्याचेही केस पिकले, पण आम्ही त्याला धाकटे मालकच म्हणतो. नियम तोच आहे.

तू याच कारखान्यात इंजिनियर झालीस आणि आकडेवाला काटा केलास, विजेवरचा. तो थोरल्या मालकांच्या वजनांना तीनदा उतरला नाही. किलो ठेवला की किलोला थोडं कमी दाखवायचा. मी तीनदा नापास लिहिलं. तिसऱ्यांदा तू चिडलीस, राजीनामा दिलास आणि आकडेवाले काटे करणाऱ्या त्या नव्या कंपनीत गेलीस. राहायलाही तिकडेच.

झालं ते एवढंच. यात माझ्याशी बोलणं टाकण्यासारखं काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

५ सप्टेंबर

कुलूप नीट लागलं का म्हणून कोपऱ्यावरून परत आलो. लागलं होतं. पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पुन्हा आलो. तुझी आई खिडकीतून म्हणाली, "अहो, मी घरातच आहे. बाहेरून कुलूप घालून मला कोंडलंत, वर ओढून काय बघताय?"

बस चुकली.

१० सप्टेंबर, बुधवार

आजही भाजी अळणी. गेल्या बुधवारीही तसंच. इतर दिवशी मीठ बरोबर असतं. तुझी आई म्हणते, "वय झालं, हात चुकतो." मला काळजी वाटते. फक्त बुधवारी विसर पडतो असा आजार असतो का? डॉक्टरला विचारायचं धाडस होत नाही. त्याने हो म्हटलं तर काय करायचं?

११ सप्टेंबर

कारखान्यात विक्रेत्यांची बैठक होती. मलाही बोलावलं. मागच्या खुर्चीवर बसलो, फोरमन शेजारी. धाकटे मालक म्हणाले, मागणी निम्म्याखाली आलीये, काय करावं ते तुम्हीच सांगा.

सगळ्यात मोठे एजंट, आपल्याकडून तीस वर्षं माल उचलणारे, ते उठले. "करायचं काय त्यात? सुई हलताना गिऱ्हाइकाला दिसते. सुई थांबली की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्या डबीत आकडे नाचतात, आत काय शिजतंय ते कोण बघतं? माझा एक दुकानदार आकडेवाला मागत नाही."

दुसरा म्हणाला, "आणि ते बिघडलं की दुरुस्तीच नाही म्हणे. अख्खं फेकायचं. मग आमच्या दुरुस्तीवाल्यांनी काय माश्या मारायच्या?"

धाकट्या मालकांनी मान हलवली. "मीही हेच म्हणतो. जे आपला काटा घेतात त्या एकेकाला विचारून आलोय. सगळे म्हणतात, सुईच पाहिजे."

फोरमन माझ्या कानाशी आला. "आणि जे घेत नाहीत त्यांना कोण विचारणार, परीक्षक?"

मी म्हटलं, "जे घेत नाहीत ते आपले गिऱ्हाईक कुठे? त्यांना कशाला विचारायचं?"

फोरमनला हसू आवरेना. रुमाल तोंडात कोंबला त्याने. मी सरळ बोललो होतो, त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१९ सप्टेंबर

एक नवंच मॉडेल आलं. आत तुझ्या काट्यासारखं यंत्र, बाहेर आपली सुई, फक्त रेघा ग्रॅमग्रॅमच्या. म्हणजे दोन्हीकडचे लोक खूश होतील असं धाकट्या मालकांना वाटलं. सुई फिरवायला आत वेगळी मोटर घातलीये. एकट्याने उचलत नाही. फोरमन म्हणाला, "घोड्याला चाकं लावली, आता त्याला पळता येईना आणि आपल्याला ढकलता येईना."

माझ्या खोलीत तेही किलोला कमी भरलं. नापास लिहिलं. धाकट्या मालकांनी पाठीवर हात ठेवला. "तुम्ही आहात म्हणून कारखान्याचं नाव शाबूत आहे." पूर्वी असं कुणी म्हणालं की मला रात्रभर बरं वाटायचं. आज नुसतं ऐकलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

शनिवारची वजनं पुसली. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. पॉलिशची पूड, ओलं फडकं, मग कोरडं, मग मऊ. एकेक वजन मांडीवर घेऊन घासायचं. थोरल्या मालकांनी सांगितलं होतं, यांच्यावर डाग दिसता कामा नये. त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू केलं, आजवर एक शनिवार चुकवला नाही. तुझ्या जन्माच्या दिवशीही पुसून मगच दवाखान्यात आलो. तुझी आई ते अजून बोलून दाखवते.

किलोच्या वजनावर थोरल्या मालकांचं नाव कोरलेलं आहे. आधी बोट फिरवलं की अक्षरं बोटाला लागायची. आता उजेडात तिरपं धरून वाचावी लागतात. इतकं गुळगुळीत झालंय, दाढी करता येईल त्यात बघून.

तू मागे म्हणाली होतीस, "बाबा, यंत्र बरोबर आहे, वजनं झिजलीत." ते मला लागलं होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. झिजते ती वापरातली वस्तू. ही वजनं कपाटातून बाहेर निघतात वर्षातून एखाद्या मॉडेलसाठी. एरवी त्यांची फक्त निगा राखली जाते. ती कशी झिजतील?

६ ऑक्टोबर

धाकटे मालक स्वतः एक खोकं घेऊन आले. आत तुमच्या कंपनीचा काटा, बाजारातून विकत आणलेला. म्हणाले, "लावा याची परीक्षा."

थोरल्या मालकांचा किलो ठेवला. आकडा आला तो तीन ग्रॅम कमी. पुन्हा ठेवला, पुन्हा तेवढाच. तुझा काटा दाखवायचा अगदी तेवढाच. मग आपला सुईवाला घेतला. सुई बरोबर किलोवर. रेघेच्या जाडीत काय लपतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही ते वजन कसलं?

मी म्हटलं, "दोन्ही यंत्रं खोटं बोलतात, आणि एकच खोटं बोलतात."

फोरमन दारात उभा होता. "परीक्षक, दोन साक्षीदार, एकमेकांना कधी भेटले नाहीत, आणि शब्दाला शब्द जुळतोय. खोटं असं जुळतं का हो?"

"तू तुझ्या कामाला जा," धाकटे मालक म्हणाले.

त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी तरतरी आली होती. म्हणाले, हे लोक बाजारात कमी माप दाखवणारे काटे विकतायत, वजनमापं कार्यालयात तक्रार करायची. तक्रार तिथल्या तिथे तयार झाली. खाली परीक्षकाची सही लागत होती. केली.

तू त्या कंपनीत आहेस ते मला ठाऊक होतं. पण कंपनीत माणसं पुष्कळ असतात. काटा उलटा करून बघितला तर खाली रबराचे चार पाय, त्यातला एक स्क्रूवर खालीवर होणारा, टेबल वाकडं असलं तरी काटा नीट बसावा असा. तूही तसाच पाय करायचीस. हल्ली सगळेच तसा करत असतील.

८ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी घरी आलो तर तुझ्या आईने पाणी विचारलं नाही. भाजी अळणी. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "डोळ्यांचं काय झालं? थेंब आणू का?"

"तुमच्या सहीला थेंब आहेत का कुठले?"

मग तीच म्हणाली, "तो काटा तिने केलाय. तिच्या नावावर आहे. तक्रार खरी ठरली तर तिला घरी बसवतील, आणि कमी मापाचा काटा केला असा डाग लागला की दुसरं कुणी दारात उभं करणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईला कळतं."

आयांना इतकं बारीकसारीक कसं कळतं, मला नवल वाटतं. मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी लवकर गेलो आणि धाकट्या मालकांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, माझी सही परत मिळेल का?

ते हसले. "सही काय उसनी दिली होतीत? एक सांगा, थोरल्या मालकांची वजनं खरी की नाहीत?"

"खरी."

"तुम्ही बघितलं ते बरोबर लिहिलं की नाही?"

"बरोबर."

"मग झालं तर."

मी खोलीत येऊन बसलो. झालं तर, झालं तर. दिवसभर तेच डोक्यात. छातीत धडधडेल असं वाटलं होतं, म्हणून गोळी हातात धरून बसलो. धडधडलं नाही. काहीच झालं नाही.

२२ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात कारखान्याची जाहिरात आली. माझा फोटो, हातात पितळी किलो. खाली लिहिलंय, 'आमचा परीक्षक नापास करतो, म्हणून तुमची फसवणूक होत नाही.' फोरमनने कापून यंत्राच्या खांबाला चिकटवली आणि तिला सलाम ठोकून कामाला लागला. घरी तुझ्या आईने तो कागद डब्याच्या तळाशी घातला, फोटो खाली करून.

धाकट्या मालकांनी सुईच्या काट्यासाठी मोठे नवे साचे मागवलेत. म्हणतात, तक्रारीचा निकाल लागला की आकडेवाल्यांचा बाजार उठेल, मग मागणी पुरी करताना धावपळ नको. विक्रेत्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

तू निकालाला येशील का? मला कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.

६ नोव्हेंबर

आज झालं. जसं झालं तसं लिहितो.

वजनमापं कार्यालयाच्या निरीक्षक बाई माझ्या खोलीत आल्या. त्यांच्याबरोबर एक पेटी आणि एक माणूस. आपल्याकडून धाकटे मालक, मोठे एजंट, फोरमन. तुमच्याकडून एक सूटवाले आणि तू. तू सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केलास. त्यात मीही आलो असेन. तुझी मनगटं बारीक झालीयेत. घड्याळ कोपराकडे सरकवून घातलं होतंस.

बाईंनी पेटीतला शिक्क्याचा किलो काढला आणि तुझ्या काट्यावर ठेवला. बरोबर किलो. उचलला, ठेवला. बरोबर किलो. निम्मं वजन ठेवलं, दुप्पट ठेवलं. कुठे चुकला नाही. मोठे एजंट पुढे वाकून आकड्याकडे बघत होते, लहान मूल मिठाईच्या काचेकडे बघतं तसे.

बाई म्हणाल्या, "आता तुमचा तो पितळी किलो द्या."

मी तो दोन्ही हातांनी दिला. त्यांनी आपल्या नाजूक तराजूत ठेवला, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हा किलो नाही. तीन ग्रॅम कमी आहे."

बाईंनी आकडा वहीत लिहिला आणि कपाटाकडे बघितलं.

"ही वजनं सांभाळतं कोण?"

"मी," मी म्हटलं. "दर शनिवारी पुसतो. पॉलिशने."

"किती वर्षं?"

"थोरले मालक होते तेव्हापासून. एक शनिवार चुकला नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज खाली आला. "आजोबा, पॉलिश म्हणजे पितळेचा थर काढणंच. दर शनिवारी थोडं थोडं फडक्यात गेलं."

मी फडक्याकडे बघितलं. ते खुंटीवर होतं. काळं झालेलं.

धाकटे मालक घाईने म्हणाले, "बाई, आमच्या परीक्षकांचं वय झालंय. आम्ही त्यांच्या शब्दावर विसंबलो, तिथे फसलो. कारखान्याचा यात काही हेतू नव्हता."

वय झालंय हे खरं आहे. ते खोटं बोलले नाहीत.

तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस. "बाई, एक लिहून घ्या. परीक्षकांनी आकडा बरोबर वाचलाय. तीन ग्रॅमचा फरक त्यांनी वर्षापूर्वीच पकडला, तीनदा. कारखान्यात दुसऱ्या कुणाला तो दिसला नव्हता. तो फरक कशामुळे आहे हे शोधायचं काम त्यांचं नव्हतं, ज्यांचं होतं त्यांनी केलं नाही."

"तुम्ही यांच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"मुलगी."

"मग तुमचं म्हणणं धरता येणार नाही."

"नका धरू. लिहा फक्त."

बाईंनी लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. तक्रार खोटी ठरली. पितळी वजनं सीलबंद केली, कपाटाला चिकटपट्टी लावली. निघताना तू माझ्या टेबलापाशी थांबलीस.

"दुपारची गोळी घेता ना?"

"घेतो."

"रोज?"

"कधी कधी राहते."

"राहू देऊ नका."

आपलं बोलणं झालं ते एवढंच. तू म्हणालीस मी बरोबर वाचलं. म्हणजे माझं बरोबर होतं. मग सगळे माझ्याकडे असे का बघत होते?

८ नोव्हेंबर, शनिवार

आज हातांना काम नव्हतं. खोलीची खिडकी पुसली. मग पुसता पुसता थांबलो, काच झिजेल असं वाटलं. फोरमनने चहा आणून दिला, नेहमीसारखी टिंगल केली नाही. त्याने काहीतरी टोचून बोलावं म्हणून मी वाट बघत बसलो. चहा गार झाला.

९ नोव्हेंबर

काही नाही.

१३ नोव्हेंबर

काही नाही. मोजे सापडत नव्हते, पायातच होते.

२० नोव्हेंबर

मोठ्या एजंटांनी तुमच्या कंपनीची एजन्सी घेतली. धाकट्या मालकांनी फोन करून विचारलं, अहो तुम्हीच म्हणाला होतात ना, एक दुकानदार मागत नाही? ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, सुई आवडते का. आवडतेच की. अजूनही आवडते. पण घेतात ते आकडेवाला." फोरमनने मला हे दोन्ही आवाज काढून ऐकवलं. मला हसू यायला हवं होतं.

नवे साचे आले. आवारात ताडपत्रीखाली ठेवलेत. त्यांची खोकी कुणी फोडली नाहीत.

धाकटे मालक दुपारी त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. परतताना माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "परीक्षक, मी चुकलो कुठे ते सांगा. जे केलं ते आजोबांनी सांगितलं तसंच केलं. सगळ्या जुन्या माणसांना विचारून केलं."

मी म्हटलं, "तुम्ही कुठेच चुकला नाहीत."

मला खरंच तसं वाटतं. ते ऐकून मात्र ते माझ्याच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारीच घरी सोडलं, काम नाही म्हणून. जिना चढलो तर दाराशी तुझ्या चपला. डाव्या चपलेचा अंगठा तू लहानपणापासून आतून दाबतेस, म्हणून ओळखल्या. आतून तुझा आवाज येत होता. तुझी आई म्हणत होती, "घाल गं थोडं मीठ, किती अळणी खातेस!" तू म्हणालीस, "बाबांना वाटेल तू म्हातारी झालीस." आणि दोघी हसलात. खो खो हसलात.

म्हणजे बुधवारी तू येतेस. मी कामावर असताना.

माझा हात दारापर्यंत गेला होता. मी तो खाली घेतला. मी आत गेलो असतो तर ते हसणं थांबलं असतं. चपला हलू नयेत म्हणून भिंतीकडून खाली उतरलो आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो, तिथून आपलं दार दिसतं. तू बाहेर पडलीस तेव्हा छत्री विसरलीस, परत वर गेलीस, मग दार ओढून घेतलंस आणि त्याच्या कुलुपाशी काहीतरी खटपट केलीस. ओढून बघत होतीस.

रोजच्या वेळेला वर गेलो. तुझी आई म्हणाली, "आज कसं काय होतं काम?" मी म्हटलं, "नेहमीसारखं."

भाजी खाल्ली. मीठ मागितलं नाही.

५ डिसेंबर

कारखाना विकला. तुमच्या कंपनीने घेतला, इमारत, आवार, दुरुस्तीवाले, सगळं. सुईचा काटा वर्षअखेरीला बंद. साचे भंगारात. धाकट्या मालकांनी सगळ्यांना आवारात उभं करून सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती, पण ते सर्दीने असेल.

फोरमनला ठेवलंय. तो म्हणाला, "मला ठेवलं कारण मी कुणाला आवडत नव्हतो." हे मला समजलं नाही, पण तो पहिल्यांदाच विनोद न करता बोलत होता.

परीक्षेची खोली राहणार. तिथे तुझी नेमणूक झालीये, पंधरा तारखेला सोमवारपासून. तिथे जुन्या माणसांतलं कोण ठेवायचं ते नव्या साहेबांनी तुझ्यावर सोडलंय. धाकटे मालक मला म्हणाले, "तुमचं तर घरातच मिटेल!" आणि हसायला गेले, पण जमलं नाही त्यांना.

७ डिसेंबर

तुझी आई म्हणते, फोन लावून देते, दोन शब्द बोला. मी नको म्हटलं. हे कामाचं आहे. फोनवर तू हो म्हणालीस तर ते बापाला म्हणालीस असं होईल. मला तसं नकोय. मी आयुष्यभर कुणाला बाप किंवा भाऊ म्हणून पास केलेलं नाही. तुलाही केलं नाही.

काय लिहू? मला आकडेवाल्याची माहिती नाही. लाल आकडे माझ्या डोळ्यांना पसरट दिसतात, तीन आणि आठ सारखेच वाटतात. चष्मा बदलावा लागेल. शिकायला वेळ लागेल, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारीन. पुसायचं काम मला देऊ नकोस. बाकी काही दे.

तिसऱ्यांदा नापास लिहिलं तेव्हा तू टेबलाच्या त्या बाजूला उभी होतीस. मला वाटलं होतं, तू म्हणशील, बाबा, ह्या वेळी सोडा ना. तू तसं म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "दुसरी वजनं आणून एकदा बघा, एवढंच मागते." मी म्हटलं, नियम नाही. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, की माझी मुलगी सूट मागत नाही. ते मी बोललो नाही. बोलायचं असतं हे माहीत नव्हतं.

९ डिसेंबर

उद्या बुधवार. मी सकाळी कामावर जाताना ही वही जेवणाच्या टेबलावर ठेवून जाईन, विसरल्यासारखी. तुझी आई ती उचलून कुठे ठेवायची तिथे ठेवू दे.

मी उद्या मुद्दाम उशिरा येईन. तू घाईने जाऊ नकोस, निवांत जेव. आणि माझी भाजी वेगळी काढायची गरज नाही, मला आता अळणीची सवय झालीये.

वाचलंस तर एकच विचारायचं आहे. सोमवारी पहिल्या पाळीची बस मी पकडायची की नाही? हो असेल तर मला डबा सांगून ठेवावा लागेल, बूट दुरुस्तीला टाकलेत ते आणावे लागतील. नाही असेल तर बूट तिथेच राहू देत, घाई नाही. मला दोन्ही चालेल, खरंच चालेल, फक्त सोमवारी सकाळी दाराशी उभं राहून कळायला नको. आईकडे सांग, फोरमनकडे निरोप ठेव, नाहीतर याच पानाखाली एक शब्द लिही, मोठ्या अक्षरात. पण लवकर कळव.